पंडिता रमाबाई आणि लेकरांची बोली

आमच्या बालाघाटकडे लेकरू मोठे होते ते तीनचार बोलींच्या मधोमध. घरात आईबाप मराठी बोलतात, दाराबाहेर पाऊल टाकले की हिंदी, शेजारच्या ओसरीवर पोवारी, आणि बैहरकडच्या खेड्यांतून बाजाराला आलेल्या माणसांच्या तोंडी गोंडी. शाळा हिंदीतली, उपासना मराठीतली. आणि अलीकडे पुष्कळ आईबापांना असे वाटू लागले आहे की लेकराने पहिला शब्द उच्चारावा तो इंग्रजीच. शब्बाथशाळेचा लहान वर्ग सांभाळणाऱ्या भगिनी आम्हांस वरचेवर विचारतात, तीन वर्षांचे मूल वर्गात तोंड उघडत नाही, त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलावे? घरातली मराठी बंद करून एकच भाषा ठेवावी काय?

या प्रश्नाचा विचार करताना आम्हांस पंडिता रमाबाईंची आठवण होते. त्यांचे चरित्र आपल्या मंडळ्यांत पुष्कळदा सांगितले जाते. विधवांचा कैवार, केडगावचे मुक्ती मिशन, दुष्काळातल्या मुली, हे सारे वाचकांस ठाऊक आहे. परंतु रमाबाईंना वाचा कशी मिळाली आणि ती त्यांनी पुढे दुसऱ्यांना कशी दिली, ही बाजू सहसा कोणी सांगत नाही. आज ती सांगण्याचा आमचा विचार आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ नावाच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कोकणस्थ ब्राह्मण, संस्कृतचे मोठे विद्वान. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये अशी त्या काळची समजूत असताना त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकवले. लोकांनी त्यांना जाब विचारला. शास्त्राधार दाखवून त्यांनी आपली बाजू मांडली, आणि ते रानात जाऊन राहिले. तो मुलूख कानडी बोलणारा. घरात मात्र मराठी. म्हणजे आपल्या बालाघाटच्या लेकरासारखीच या मुलीची स्थिती होती, उंबऱ्याच्या आत एक भाषा आणि बाहेर दुसरी. रमाबाई अवघ्या सहा महिन्यांच्या असताना हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. लहानग्या रमेला वेताच्या पेटीत घालून एका माणसाने डोक्यावरून नेले. त्यानंतर कित्येक वर्षे त्यांना घर असे राहिलेच नाही. शाळेचे तर नावच नको.

मग ही मुलगी शिकली कोठे? आईजवळ. मुलगी सुमारे आठ वर्षांची झाल्यावर लक्ष्मीबाईंनी तिला नियमाने शिकवण्यास आरंभ केला आणि ती पंधरा वर्षांची होईपर्यंत हा क्रम चालू ठेवला. दिवसा स्वयंपाक, विद्यार्थ्यांची आणि पाहुण्यांची उठबस, मुलांचे करणे यांतून त्या माउलीला क्षणाची फुरसत नसे. म्हणून ती पहाटे, पाखरे बोलू लागण्याच्या वेळेला, झोपलेल्या मुलीला उचलून जवळ घेई, लाडाने नाना नावांनी हाका मारून जागी करी, आणि तशीच कुशीत धरून धडा देई. हाती पोथी नसे. आई म्हणे आणि मुलगी म्हणे. रमाबाईंना ही पहाट जन्मभर विसरता आली नाही.

हा झाला संस्कृतचा धडा. आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. मराठी भाषेचे शिक्षण रमाबाईंना मुद्दाम असे कोणी दिलेच नाही. आईवडील आपसांत आणि मुलांशी शुद्ध, नीटस मराठी बोलत. ते कानांवर पडून, आणि पुढे हाती येतील ती वर्तमानपत्रे व पुस्तके वाचून, त्यांची मराठी घडली. कानडी, हिंदुस्थानी आणि बंगाली या भाषा त्यांनी प्रवासात उचलल्या. घरातली भाषा पक्की होती म्हणून बाहेरच्या भाषा आड आल्या नाहीत, उलट त्या सहज येऊन मिळाल्या. आज या विषयाचे जाणकारही हेच सांगतात. दोन भाषांत वाढणारे मूल कधी दोहोंचे शब्द मिसळते, पण त्यामुळे त्याची वाचा खुंटत नाही. आईने मात्र जी भाषा तिला मनापासून येते तीच लेकराशी बोलावी. मोडक्यातोडक्या परक्या भाषेत आई दहा शब्द बोलेल, आपल्या भाषेत हजार बोलेल. आणि लेकराला हवे असतात ते हजार. प्रेषित पौलाने तीमथ्याच्या विश्वासाचे मूळ शोधताना त्याची आजी लोईस व आई युनीके यांची नावे काढली आहेत, हे आमच्या शिक्षक भगिनींनी ध्यानात ठेवावे.

परंतु रमाबाईंच्या बालपणात एक दुसरेही चित्र आहे, आणि ते आपल्याला टोचणारे आहे. हे कुटुंब गावोगावच्या देवळांत व घाटांवर पुराणे वाचून पोट भरीत असे. रमाबाई स्वतःही वाचीत. हजारो श्लोक त्यांच्या मुखी होते. श्रोते येत, फुले-फळे-पैसे पोथीपुढे ठेवीत आणि जात. वाचले त्याचा अर्थ लोकभाषेत सांगण्याची मात्र रीत नव्हती. ऐकण्यातच पुण्य मानले जाई. कळले किंवा न कळले, याची चौकशी कोणी करीत नसे. पुढे ख्रिस्ती झाल्यावर आपली हकीकत लिहिताना रमाबाईंनी ही गोष्ट आवर्जून नमूद केली आहे. न कळणाऱ्या शब्दांचा प्रवाह माणसांच्या डोक्यांवरून वाहून जातो, हे त्यांनी वाचणाऱ्याच्या जागी बसून पाहिले होते.

येथे आपणही छातीवर हात ठेवून विचारावे. नाताळच्या कार्यक्रमात चार वर्षांच्या मुलाला उभे करून आपण वचन म्हणवून घेतो. मूल एका दमात म्हणून टाकते, टाळ्या पडतात. त्यातल्या एका तरी शब्दाचा अर्थ त्याला ठाऊक असतो काय? वचन पाठ असावे याबद्दल आमचा वाद नाही. रमाबाईंना तर पाठांतराचा केवढा उपयोग झाला. पण मेंढपाळ म्हणजे कोण, हे ज्या लेकराने कोणाशी बोलून घेतलेले नाही त्याच्या मुखी मेंढपाळाचे वचन घालणे, हे त्या घाटावरच्या वाचनाहून फारसे वेगळे नव्हे.

१८७४ च्या सुमारास दुष्काळाने या कुटुंबाला गाठले. काही महिन्यांच्या आत वडील, आई आणि थोरली बहीण अशी तिघे गेली. आईला स्मशानात नेण्यास खांदेकरी पुरेसे मिळेनात, तेव्हा रमाबाईंनी स्वतः एक बाजू उचलली. उरलेली दोघे भावंडे, श्रीनिवास आणि रमा, हजारो मैल पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. सरस्वती ही वाणीची देवता. ज्या मुलीने शाळेचा उंबरा पाहिला नाही तिला ते नाव मिळाले. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी विवाह केला. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा जन्मली, आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पतीचेही निधन झाले. दहा महिन्यांची मुलगी कडेवर घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, पुस्तक लिहिले, शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे साक्ष दिली.

१८८३ साली त्या वैद्यकी शिकण्याच्या हेतूने इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील भगिनींच्या मठात त्यांना आश्रय मिळाला, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. वैद्यकी मात्र शिकता आली नाही. कारण रमाबाईंना ऐकू कमी येऊ लागले होते. ज्या बाईची सगळी विद्या कानांवाटे आत आली तिच्या कानांनीच दगा द्यावा, हे आम्हांस या चरित्रातले मोठे दुःख वाटते. त्यांनी त्याचा बाऊ केला नाही. चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजात त्या संस्कृत शिकवू लागल्या आणि स्वतः इतर विषय शिकू लागल्या.

कानांचा विषय निघालाच आहे तर आमच्या वाचक मातांना एक गोष्ट सांगून ठेवतो. मूल बोलत नाही म्हणजे ते हट्टी आहे, आळशी आहे, किंवा मामासारखे उशिरा बोलेल, असे आपण म्हणून सोडून देतो. पुष्कळदा खरी गोष्ट अशी असते की त्याला नीट ऐकूच येत नाही. सहासात महिन्यांचे मूल आवाजाकडे मान वळवते, बा-बा दा-दा असा नाद लावते. वर्षाच्या आसपास एखाददुसरा अर्थाचा शब्द येतो, आणि दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडू लागते. कोणी जरा पुढे, कोणी जरा मागे. पण दीड वर्ष उलटूनही एकही शब्द नसेल, किंवा आलेले शब्द गेले असतील, तर थांबू नये. कान फुटून वाहत असेल तर त्यात तेल घालून घरी बसू नये. मुलाला जिल्हा रुग्णालयात नेऊन कान तपासावेत. २०१३ पासून सरकारने राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला आहे. त्यात अंगणवाडीत येणाऱ्या लेकरांची अशी तपासणी करतात, तेव्हा अंगणवाडीच्या बाईंना विचारले तरी वाट सापडेल. मठ्ठ म्हणून मागच्या बाकावर बसवलेले एखादे मूल केवळ बहिरे असेल, तर त्याचा दोष कोणाच्या माथी?

पुन्हा मूळ कथेकडे येऊ. इंग्लंडातले ते दिवस रमाबाईंना मातेच्या नात्याने फार जड गेले. मनोरमा तेथे आली तेव्हा दोन वर्षांची होती. लेकराचे बोबडे बोल जोडले जाण्याचे, वाक्ये होण्याचे ते वय. वडील बंगाली, आई मराठी, आणि आता सभोवार इंग्रजी. आई शिक्षणासाठी चेल्टनहॅमला, मुलगी बराच काळ वाँटेजच्या भगिनींपाशी. भगिनी प्रेमळ होत्या, त्यांनी लेकराचे सगळे केले. परंतु मुलीला काय शिकवावे आणि ते कोणी ठरवावे, यावरून रमाबाई आणि त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांच्यात मतभेद झाले. रमाबाईंचे म्हणणे असे की, आई जिवंत असताना लेकराच्या मनात काय पेरावे हा अधिकार आईचा आहे. त्यांच्या त्या वेळच्या सगळ्याच धार्मिक मतांशी आम्ही सहमत नाही, पण या एका गोष्टीत आम्ही त्यांच्या बाजूचे आहोत. तरीही हे सांगितले पाहिजे की, स्वतः पहाटे आईच्या कुशीत शिकलेल्या या बाईला आपल्या मुलीला तशी पहाट पुरेशी देता आली नाही. मोठ्या कार्याची किंमत पुष्कळदा घरातले लेकरू मोजते. आपल्या पाळकांच्या आणि सेविकांच्या घरांतही हे घडते, आणि आपण त्याविषयी बोलत नाही.

१८८६ साली आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. त्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेत फिलाडेल्फियास गेल्या. जायचे होते थोडे दिवस, राहिल्या दोन वर्षांहून अधिक. तेथे त्यांनी एक नवीच गोष्ट पाहिली, ती म्हणजे किंडरगार्टन. लहान मुले फळ्यापुढे ओळीने बसलेली नाहीत. ती ठोकळे रचतात, गातात, बोटांचे खेळ खेळतात, झाडापाखरांविषयी बोलतात, आणि शिक्षिका त्यांचे ऐकून घेते. रमाबाईंनी या पद्धतीचे रीतसर शिक्षण घेतले. तोवर संस्कृतात पंडिता ठरलेली ही बाई तीन वर्षांच्या मुलांचे खेळ शिकण्यासाठी विद्यार्थिनी होऊन बसली, याचे आम्हांस कौतुक वाटते.

ही पद्धत काढली जर्मनीच्या फ्रीड्रिख फ्रोबेलने. तो एका लुथरन पाळकाचा मुलगा. जन्म १७८२ चा. वर्षाचा होण्यापूर्वीच त्याची आई वारली, आणि मायेविना वाढलेल्या या मुलाने पुढे साऱ्या आयुष्यभर आई लेकराशी कशी खेळते, कशी बोलते, हेच पाहिले. १८३७ साली त्याने ब्लँकेनबुर्ग येथे लहान मुलांची शाळा काढली, तिला पुढे किंडरगार्टन म्हणजे मुलांची बाग हे नाव दिले, आणि १८४४ साली आयांसाठी गाण्यांचे व बोटांच्या खेळांचे पुस्तक प्रसिद्ध केले. आपल्याकडे आजी तान्ह्याच्या तळहातावर मोर बसवते, बोटांना नावे ठेवते, काखेत गुदगुल्या करीत खेळ संपवते; तेच ज्ञान त्याने शाळेत आणले, एवढेच. लेकरू आधी खेळते, मग त्या खेळाला शब्द चिकटतो. हे उलटे करू गेल्यास, म्हणजे शब्द आधी आणि वस्तू कधीच नाही असे केल्यास, पोपट तयार होतो.

रमाबाईंनी अमेरिकेत असतानाच मराठी मुलींसाठी वाचनपुस्तके तयार करण्यास आरंभ केला. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले. तेथे शिकणाऱ्या बालविधवांना त्या किंडरगार्टनचेही शिक्षण देत. त्यांचा हिशेब सरळ होता. ज्या मुलीला घरात कोणी तोंड वर करू दिले नाही, तिला लहान मुलांशी बोलण्याचे, गाण्याचे, गोष्ट सांगण्याचे काम द्यावे; त्यात लेकराची वाचा फुटते आणि तिचीही.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. त्याचा मोठा तडाखा मध्य प्रांताला बसला. आपला बालाघाट जिल्हा त्या वेळी मध्य प्रांतातच, नागपूर विभागात होता. रमाबाईंनी बातम्या वाचल्या आणि त्यांना १८७४ चे आपले दिवस आठवले. भूक म्हणजे काय हे ज्याने पोटाने शिकले आहे त्याला बातमी पुरते. त्या मध्य प्रांतात स्वतः गेल्या, आणि तेथून जवळजवळ ३०० मुली केडगावास आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्यामुळे त्यांना केडगावच्या मळ्यावर ठेवावे लागले, आणि तेथेच मुक्ती मिशन उभे राहिले. १९०० च्या सुमारास गुजरातेतल्या दुष्काळातून आणखी शेकडो मुली आल्या.

फार दिवस उपाशी राहिलेले मूल रडतही नाही, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांनाच कळेल. ते खेळत नाही, विचारीत नाही, डोळे लावून बसते. अशा मुलांना आधी पेज, मग ऊब, आणि मग शब्द. मुक्तीत आलेल्यांपैकी कित्येकींना मराठी येत नव्हती. मध्य प्रांतातल्या मुलींशी त्यांच्या बोलीत बोलणे रमाबाईंना अवघड गेले नसेल, कारण हिंदुस्थानी त्यांनी स्वतः उपाशी पोटी त्याच वाटांवर उचलली होती. पन्नासाव्या दिवशी यरुशलेमेत जमलेल्यांना प्रत्येकाच्या जन्मभाषेत देवाची कृत्ये ऐकू आली, ही गोष्ट आपण दर वर्षी वाचतो. मुक्तीत लहानांसाठी किंडरगार्टन चालले, आंधळ्या मुलींसाठी बार्तीमय सदन निघाले, आणि मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकून त्यांना वाचण्यास शिकवले. होय, तीच मनोरमा. ती परत येऊन आईच्या कामात उभी राहिली आणि शारदा सदनाची मुख्याध्यापिका झाली.

आयुष्याची शेवटची सुमारे अठरा वर्षे रमाबाईंनी एका कामाला दिली. मंडळ्यांत वाचले जाणारे मराठी पवित्र शास्त्र खेड्यातून आलेल्या, नुकती अक्षरे शिकलेल्या मुलींना कळत नाही, त्यात संस्कृत शब्द फार आहेत, हे त्यांनी रोज पाहिले. तेव्हा पन्नाशीच्या जवळ आलेल्या, कान गेलेल्या या बाईने हिब्रू आणि ग्रीक शिकण्यास घेतले, आणि मूळ भाषांवरून सोप्या मराठीत संपूर्ण शास्त्राचा अनुवाद आरंभला. मुक्तीच्या छापखान्यात मुलीच खिळे जुळवीत, मुलीच पाने छापीत. जिने लहानपणी घाटावर न समजणारे श्लोक वाचून दाखवले होते, तिला आता एकही शब्द कोणाच्या डोक्यावरून जाऊ द्यायचा नव्हता.

हा अनुवाद सर्व मंडळ्यांत रुळला असे म्हणता येत नाही. मुळाशी फार चिकटून राहिल्याने काही ठिकाणी वाक्ये अवघडली आहेत, आणि उपासनेत आपण आजही बायबल सोसायटीचेच शास्त्र वाचतो. पण लहान वर्गासाठी गोष्ट तयार करणाऱ्या शिक्षकांनी तो एकदा उघडून पाहावा असे आम्ही सुचवितो. एखादा अवघड शब्द त्यांनी कसा उतरवला आहे हे पाहिल्यावर तो लेकराला कसा सांगावा हे सुचते.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. त्यांचे वय अवघे चाळीस होते. आईने ते सोसले आणि मुद्रिते तपासण्याचे काम चालू ठेवले. छातीच्या दुखण्याने त्या खचत चालल्या होत्या. काम पुरे होण्यापुरते दिवस द्यावेत अशी त्यांनी प्रभूजवळ प्रार्थना केली, असे सांगतात. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. अनुवाद पुरा झाला होता. १९२४ साली संपूर्ण पवित्र शास्त्र केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे खिळे जुळवणाऱ्यांत अशाही मुली होत्या की, ज्या मुक्तीत आल्या त्या दिवशी त्यांना मराठीचा एक शब्द बोलता येत नव्हता.